प्रत्येक टेबलाला एक ग्लास

थोरली पळायला लागली ती काही हौसेनं नाही. रक्तातली साखर काठावर आली होती. डॉक्टर म्हणाले, "बाई, उद्यापासून चाला, नाहीतर परवापासून गोळ्या." गोळी गिळताना थोरलीचा घसा लहानपणापासून आवळायचा. त्यापेक्षा चाललेलं बरं, म्हणून ती पहाटे शाळेच्या मैदानावर जायला लागली. तेव्हा तिला सेहेचाळिसावं चालू होतं.

त्या मैदानावर कवायतीचे एक निवृत्त मास्तर वीस-पंचवीस माणसांना पळायला शिकवत. त्यांनी दोन दिवस थोरलीची चाल पाहिली आणि म्हणाले, "तुम्ही चालता कुठे, तुम्ही तर कुणाच्या तरी मागे लागल्यासारख्या जाता. एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला. पळताना बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त झाला असं समजा."

"आणि बोलणं थांबतच नसेल तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"तर नवरा सोबत आणा. ऐकायला."

नवरा सोबत येण्यातला नव्हता. तो मालाच्या ट्रकवर, आठवड्यातले चार दिवस बाहेर. मूलबाळ झालं नाही. घरात खालच्या मजल्यावर थोरली, वरच्या मजल्यावर दीर, धाकटी जाऊ आणि त्यांची पंधरा वर्षांची मुलगी चिमणी. स्वयंपाकघर मात्र खालीच, सगळ्यांचं मिळून एक.

थोरली एका मोठ्या लाँड्रीत कामाला होती. तीन इस्पितळांच्या आणि दोन वसतिगृहांच्या चादरी तिथे यायच्या. थोरली रोलरवर. ओली चादर दोघींनी दोन टोकांनी धरायची, ताणायची आणि तापलेल्या रोलरच्या तोंडात द्यायची, पलीकडून ती कडकडीत होऊन निघते. वाफेनं भिंतींनाही घाम सुटलेला. नवीन लागली त्या साली थोरली तिथे चक्कर येऊन पडली होती. कोपर रोलरला टेकलं, त्याचा चट्टा अजून आहे. त्यानंतर तिथल्या मुकादमबाईंनी एक रीत घालून दिली. दर अर्ध्या तासाला घंटा, आणि घंटा झाली की प्रत्येकीनं एक ग्लास पाणी प्यायचंच. तहान असो नसो. "तहान लागेपर्यंत थांबाल तर जमिनीला लागाल," मुकादमबाई म्हणायच्या.

पुढे मुकादमबाई गेल्या आणि पिंपातलं पाणी वाटायचं काम थोरलीकडे आलं. ती ग्लास हातात द्यायची आणि बाईच्या पाठीवर हात ठेवून उभी राहायची. ग्लास रिकामा झाला की हात काढायचा. बायका चिडवायच्या, "हिच्या हातून विषसुद्धा संपवूनच सुटका." पण वीस वर्षांत रोलरवर एकही बाई पडली नव्हती. थोरलीला आयुष्यात अभिमान वाटावा अशा गोष्टी मोजक्याच होत्या. त्यांतली ही एक.

धाकटी पळायला आली ती भांडायला म्हणून. एका सकाळी ती मैदानाच्या फाटकाशी उभी राहिली, केस विस्कटलेले, पायात घरातल्या चपला.

"जाऊबाई, तुम्ही इथे पळून येता आणि चहा, डबे, पिंप भरणं सगळं माझ्या गळ्यात. हा कुठला न्याय?"

"मग तूही पळ. चहा भाऊजी करतील."

"ते? त्यांना चूल कुठे पेटते हे सांगायला तरी घरी थांबावं लागेल."

मास्तर लांबून म्हणाले, "भांडण पळत पळत करा. मैदान मोठं आहे."

धाकटी चपला हातात घेऊन एक फेरी पळाली आणि फाटकाशी येऊन हसत सुटली. अंगानं ती काडीसारखी, सार्वजनिक वाचनालयात दिवसभर बसून काम. एकेचाळीस वर्षांच्या त्या बाईला आपण शेवटचं कधी पळालो हे आठवेना. दुसऱ्या दिवसापासून दोघी जोडीनं यायला लागल्या. दीर खरंच चहा करायला शिकला. पहिले पंधरा दिवस तो चहा नुसता रंगापुरता होता, पण कुणी बोललं नाही.

जावा जावा आणि उभा दावा, असं लोक म्हणतात. या दोघींचा दावा होताच, कपडे वाळत घालण्यावरून, चिमणीच्या लाडांवरून. पण पळताना तो सुटायचा. दोघींचा वेग सारखाच, म्हणजे बेताचा. थोरली दणकट, पाय जमिनीवर आपटत जाणारी, धाकटी हलकी पण दमानं घेणारी. दहा किलोमीटर झाले, पंधरा झाले, आणि दीड वर्षानं दोघींनी एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत नाव दिलं.

त्या दिवशी ऊन भाजत होतं. धाकटीनं वाटेत दोनदाच पाणी घेतलं. "पोट हलतं मग," म्हणाली. शर्यत पुरी केली, पदक गळ्यात घालून घरी आली आणि जिन्यातच बसली. डोळ्यांपुढे अंधारी, पायांत गोळे. दिरानं तिला उचलून वर नेलं. तो तसा शांत माणूस, घड्याळं दुरुस्त करणारा, आवाज चढवणं त्याच्या स्वभावात नाही. पण संध्याकाळी तो खाली आला आणि दारातच उभा राहिला.

"वहिनी, ती तुमच्या मागे येते. तुम्ही म्हणाल ते करते. आता पुढच्या वर्षी बेचाळीस पळायचं म्हणते आहे. मी नको म्हटलं तर मला म्हणते, तुम्ही घड्याळात डोकं घालून बसा. मी बोलणार नाही. पण पाठवणार ती तुमच्या भरवशावर."

"भाऊजी, पाणी कमी पडलं तिला. या वेळी वाटेतल्या पाण्याच्या एकेका टेबलाला माझ्या हातानं पाजीन. शब्द देते."

"बघा हं."

"वीस वर्षं बायकांना पाजते आहे. एक पडली नाही."

हा शब्द थोरलीनं देवासमोर पुन्हा दिला. तिचं देवाशी बोलणं साधं असायचं, दिवा लावताना दोन वाक्यं. त्या संध्याकाळी ती म्हणाली, 'तिला माझ्या भरवशावर पाठवतायत. लक्ष असू दे.'

मग नऊ महिन्यांची तयारी. मास्तरांचा शिरस्ता घाईचा नव्हता. आठवड्यात तीन दिवस थोडं पळायचं, रविवारी लांब, आणि दर चौथ्या आठवड्याला अंतर कमी. "अंतर सावकाराच्या व्याजासारखं वाढवू नका. त्याला सवय लागू द्या," ते म्हणायचे. नवे बूट शर्यतीच्या दिवशी घालायचे नाहीत. आदल्या रात्री पोटाला माहीत असलेलंच जेवायचं. दर पाऊण तासानं केळ्याचा तुकडा नाहीतर दोन खजूर. आणि पाण्याबद्दल त्यांचं म्हणणं एका वाक्याचं होतं, "तहानेला विचारा."

हे वाक्य थोरलीनं ऐकलं आणि बाजूला ठेवलं. मास्तर शिकलेले होते, पण त्यांनी वाफेत उभं राहून काम केलं नव्हतं. तहानेला विचारून ती स्वतः एकदा पडली होती, आणि धाकटीही तहानेला विचारूनच जिन्यात बसली होती. तिनं कमरेला दोन बाटल्या बांधल्या आणि अर्ध्या अर्ध्या तासाला धाकटीच्या पाठीवर हात ठेवायला सुरुवात केली.

"ताई, नकोय हो."

"पी."

"आत्ता तर घेतलं."

"आत्ता म्हणजे अर्धा तास झाला."

"तुमच्या लाँड्रीतली चादर आहे का मी, भिजवून भिजवून पिळायला?"

"चादर बरी. उलट बोलत नाही."

मास्तरांनी आणखी एक सांगितलं होतं. रविवारच्या लांब पळण्याआधी आणि नंतर वजन करा, थोडंसं उतरलेलं असलं पाहिजे. दोघींची वाट लाँड्रीवरूनच जायची. मागच्या बाजूला गाठोडी तोलायचा काटा होता आणि रविवारचा पहारेकरी ओळखीचा. एकदा अठ्ठावीस किलोमीटर झाल्यावर दोघी काट्यावर चढल्या. थोरलीचं वजन अर्धा किलो उतरलं होतं. धाकटीचं सातशे ग्रॅम वाढलेलं होतं.

"काटा बिघडलाय," धाकटी म्हणाली. बोटातली अंगठी फिरवायचा प्रयत्न करत होती, ती फिरत नव्हती. "नाहीतर पळून पळून मी जाड होणारी जगातली पहिली बाई."

थोरलीला मात्र आनंद झाला. घरी जाऊन तिनं दिराला ऐटीत सांगितलं, "चार तास पळाली, भाऊजी, पण एक ग्रॅम उतरली नाही. उलट वाढली. आता बोला." दीरही हसला. मास्तरांना ही गोष्ट दोघींनी सांगितली नाही. ते चिडवतील म्हणून. एवढ्या तेवढ्यानं काय होतं, असं वाटलं. माणसाला वाटतं खरं तसं.

शर्यतीच्या सकाळी आभाळ भरून आलं होतं आणि गार वारा सुटला होता. मास्तरांनी आपल्या सगळ्यांची वजनं करून प्रत्येकाच्या छातीवरच्या नंबराच्या कागदामागे पेनानं लिहून ठेवली. काही झालंच तर डॉक्टरांना उपयोगी पडतं, म्हणाले. धाकटीच्या कागदामागे लिहिलं, साडेअठ्ठेचाळीस.

दोन दोन किलोमीटरवर पाण्याची टेबलं होती. पुढची माणसं ग्लास उचलून अर्धा सांडून जायची. या दोघी थांबायच्या. थोरली ग्लास भरून घ्यायची, धाकटीच्या हातात द्यायची, पाठीवर हात. दहा किलोमीटरपर्यंत धाकटी बडबडत होती. वाचनालयातल्या एका गृहस्थांची नक्कल करत होती, जे तेच पुस्तक दर महिन्याला नेतात आणि प्रत्येक वेळी शेवट आवडला नाही म्हणून तक्रार करतात. एकवीसला दीर आणि चिमणी रस्त्याकडेला उभे होते. चिमणीनं ओरडून विचारलं, "मोठी आई, आईला सांभाळताय ना?" थोरलीनं हातातला रिकामा ग्लास उंच करून दाखवला. दिरानं मान हलवली.

सव्वीसला धाकटी म्हणाली, "ताई, खरंच नको. पोटात तळं झालंय. आत मासे सोडले तर जगतील."

"एवढा घे. भाऊजींना शब्द दिलाय."

"शब्द तुम्ही दिलात, पिऊ मी?"

पण प्यायली. गार हवेत दोघींना घाम असा नव्हताच. थोरलीच्या ते लक्षात आलं नाही असं नाही. तिनं उलटा अर्थ लावला, घाम येत नाही म्हणजे अंगात पाणीच उरलं नाही.

तिसाव्या किलोमीटरच्या पुढे धाकटीच्या गप्पा थांबल्या. कपाळ दुखतं म्हणाली. चालणंच जास्त होत होतं आता. बत्तिसाव्या किलोमीटरच्या टेबलाशी तिनं ग्लास घेतला नाही, हात मागे केला. बोटं फुगलेली होती. थोरलीला आठवला तो जिना, ते अंधारी आलेले डोळे. जीव घाबरला तिचा. तिनं एकाच्या जागी दोन ग्लास पाजले. चौतीसला पुन्हा दोन.

छत्तीसच्या पुढे धाकटी मध्येच थांबली आणि म्हणाली, "कपाटाची किल्ली कुणाकडे आहे?"

"कसली किल्ली?"

"आई, किल्ली दे ना."

धाकटीची आई जाऊन सहा वर्षं झाली होती. तेवढ्यात धाकटी वाकली आणि तिला उलटी झाली. नुसतं पाणी. स्वच्छ, नळातून आल्यासारखं. दोन स्वयंसेवक धावत आले. शंभर पावलांवर औषधोपचाराचा तंबू होता, तिथे तिला उचलून नेलं.

पुढच्या चौकात दीर आणि चिमणी वाट बघत होते, तेही पळत आले. तंबूतला तरुण डॉक्टर धाकटीच्या डोळ्यांत बॅटरी टाकत होता. दीर आत येताच म्हणाला, "पाणी! पाणी प्यायली नसणार ही. मागच्या वेळीही हेच झालं होतं."

"प्यायली," थोरली म्हणाली. "प्रत्येक टेबलाला प्यायली, भाऊजी. मी स्वतः पाजलं."

"वहिनी, तिला पाठीशी घालू नका आता. तिची ही जुनी खोड आहे."

"अहो, पाजलं मी."

"पाजलं असतं तर अशी पडली असती का?"

तरुण डॉक्टरनं दिराकडे पाहिलं, थोरलीकडे पाहिलं, आणि त्याला नवऱ्याचं म्हणणं पटलं. सकाळपासून त्याच्याकडे आलेली तेरा माणसं पाण्यावाचूनच पडली होती. त्यानं सलाइनची बाटली लटकवली आणि धाकटीच्या हाताची शीर शोधायला लागला. शीर मिळेना, हात इतका सुजला होता. शेवटी मिळाली. थेंब पडायला लागले.

थोरली धाकटीच्या उशाशी बसली होती. अंगठी बोटाच्या मांसात रुतली होती. बुटांच्या नाड्या सकाळी तिनं स्वतः बांधल्या होत्या, एक बोट आत जाईल इतक्या सैल. आता त्या पायावर करकचून बसल्या होत्या. तिनं नाड्या सोडल्या. मग धाकटीची मान उशीवर नीट ठेवावी म्हणून तिच्या पाठीखाली हात घालून तिला जरा उचललं.

आणि ती तशीच थांबली.

वीस वर्षं गाठोडी उचलणाऱ्या हाताला काटा लागत नाही. गाठोडं उचललं की ओलं किती, कोरडं किती, कळतं. धाकटीला तिनं अनेकदा उचललं होतं, परवा घरात माळ्यावरचा डबा काढायला सुद्धा. हे ते वजन नव्हतं. थोरलीला लाँड्रीच्या मागचा काटा आठवला, वाढलेले सातशे ग्रॅम आठवले, मास्तरांचं वाक्य आठवलं, थोडंसं उतरलेलं असलं पाहिजे. उतरलेलं. आणि ही तर ओल्या चादरीसारखी भरली होती.

पाणी कमी पडलं नव्हतं. पाणी तिनंच घातलं होतं.

थोरली उठली आणि डॉक्टरच्या आडवी उभी राहिली. "ते थांबवा. ती बाटली बंद करा."

"बाई, बाजूला व्हा."

"हिच्या अंगात पाणी जास्त झालंय. मी घातलंय."

"असं कुठे होतं का!" दीर ओरडला. "वहिनी, काय चाललंय तुमचं?"

"हिचं वजन करा. नंबरामागे सकाळचं लिहिलंय. साडेअठ्ठेचाळीस." तिनं धाकटीच्या छातीवरचा कागद पिना तोडून काढला आणि डॉक्टरच्या हातात कोंबला. "वजन करा हो. पन्नासच्या पुढे भरेल. नाही भरलं तर मला इथून हाकलून द्या."

आवाज ऐकून तंबूच्या दुसऱ्या टोकाकडून पांढऱ्या केसांच्या डॉक्टरबाई आल्या. त्यांनी काही न विचारता कागद उलटा करून पाहिला, धाकटीचं बोट दाबून पाहिलं. मग थोरलीला म्हणाल्या, "उचलाल?"

थोरलीनं धाकटीला दोन्ही हातांवर घेतलं आणि काट्यावर चढली. मग तिला खाली ठेवून एकटी चढली. डॉक्टरबाईंनी वजाबाकी केली. एक्कावन्न.

"बंद कर ते," त्या तरुण डॉक्टरला म्हणाल्या. "ताबडतोब. गाडी बोलाव. किती वेळ पळत होत्या? किती ग्लास?"

"पावणेसहा तास. वीस ग्लास, डॉक्टर. एकवीस असतील. मोठे." थोरली सगळं सांगत गेली. नको म्हणत होती तेही सांगितलं. दीर तिथेच उभा होता. त्याच्या चेहऱ्याकडे बघायची तिची हिंमत झाली नाही. चिमणी तिच्यापासून दोन पावलं मागे सरकलेली तेवढी दिसली.

गाडीत धाकटीला झटका आला. दात आवळले, डोळे वर गेले. डॉक्टरबाईंनी तिला कुशीवर वळवून धरलं. थोरली समोर बसून देवाचं नाव घ्यायला गेली आणि तिला ते येईना. रोज ओठांवर असलेलं नाव. ती नुसती 'तू बघ, तू बघ' म्हणत राहिली.

इस्पितळात रक्त तपासलं. रक्तातलं मीठ इतकं उतरलं होतं की पाणी मेंदूत शिरून तिथे सूज आली होती. घट्ट मिठाचं औषध शिरेतून थोडं थोडं द्यायला लागले. घाई करून चालत नव्हतं, उशीर करूनही नाही. दुपारी डॉक्टरबाई बाहेर आल्या.

"जीव वाचेल असं दिसतंय. शुद्धीवर कधी येईल, किती नीट येईल, हे आज सांगत नाही. आणि ती बाटली वेळेत बंद झाली म्हणून एवढं तरी म्हणते आहे." मग थोरलीकडे वळून त्यांनी विचारलं, "प्रत्येक टेबलाला एक ग्लास, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

थोरलीनं लाँड्री सांगितली, वाफ सांगितली, घंटा सांगितली. "तिथे पिंपात मुकादमबाई मीठ-साखर टाकायच्या. मीही टाकते. इथे नुसतं पाणी होतं. मिठाचं असतं तर..."

"मिठाचं असतं तरी इतकं जास्तच झालं असतं. तुमच्या वाफेत अंगातून बादलीभर घाम जातो, त्याची भरपाई तुम्ही करता. आज गार हवा, ही लहान चणीची बाई, हळू चालणारी. गेलंच नाही ते भरलंत. तहान लागेल तेवढंच प्यायचं असतं, बाई."

मास्तरांचेच शब्द. थोरली भिंतीला टेकली.

दीर बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. मग तो समोर बघतच बोलला, "ती नको म्हणत होती?"

"हो."

"किती वेळा?"

"चार वेळा. पाच असेल."

"आणि माझं नाव सांगून पाजलंत."

"हो, भाऊजी."

दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून तो बसून राहिला. थोरलीला वाटलं, तंबूत आपण ओरडलो म्हणून ती वाचली असं हा एकदा तरी म्हणेल. मग स्वतःचीच लाज वाटली. आग लावणाऱ्यानं पाणी मारल्याची शाबासकी मागायची?

मास्तर संध्याकाळी येऊन गेले. त्यांना सातशे ग्रॅमचं कळलं तेव्हा ते म्हातारे एकदम आणखी म्हातारे दिसायला लागले. "मी विचारायला हवं होतं," एवढंच म्हणाले. थोरलीनं त्यांना तो दोषही घेऊ दिला नाही. "सांगायला मी हवं होतं, मास्तर. तुमच्या वाट्याचं काही नाही यात."

धाकटी दुसऱ्या दिवशी डोळे उघडायला लागली, तिसऱ्या दिवशी माणसं ओळखायला. चिमणीला पाहून रडली. नवऱ्याला म्हणाली, "दाढी करा." डॉक्टरबाई म्हणाल्या, काही महिने डोकं दुखेल, शब्द सापडायला वेळ लागेल, हळूहळू सुधारेल. वाचनालयातून दोन महिन्यांची रजा घेतली.

हे तीन दिवस थोरली बाहेरच्या बाकावर होती. आत जात नव्हती. कुणी अडवलं नव्हतं, पण कुणी ये म्हणालंही नव्हतं. ट्रकवरून नवरा आला, त्यानं तिच्या शेजारी बसून सगळं ऐकलं आणि म्हणाला, "आत जाऊन सांग तिला. दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत."

"काय सांगू?"

"मला जे सांगितलंस ते."

चौथ्या दिवशी सकाळी दीर औषधं आणायला खाली गेला तेव्हा थोरली आत गेली. धाकटी उशीला टेकून बसली होती. अंगठी कापून काढावी लागली होती, बोटाला पट्टी. गालांची हाडं वर आलेली. तिनं थोरलीकडे पाहिलं, नेहमीसारखंच.

"ताई, कुठे होतात? मला कुणी नीट सांगतच नाही. शर्यत पुरी झाली का?"

"नाही. सदतिसाव्याला थांबलो."

"मला एकविसाव्यापर्यंतचं आठवतं. चिमणी ओरडली ते. पुढचं..." तिनं हात हवेत फिरवला, शब्द शोधत. "पुढचं पुसलंय. काय झालं?"

थोरली खुर्चीच्या कडेवर बसली. बाहेर बाकावर बसून तिनं वाक्यं जुळवली होती, 'माझ्या मनात वाईट नव्हतं' अशी सुरुवात करून. ती वाक्यं तिनं टाकून दिली.

"तुला पाणी जास्त झालं. मी पाजलं. तू नको म्हणत होतीस."

"नको म्हणत होते?"

"पहिल्यांदा हसत म्हणालीस. मग हात मागे केलास. मी एकाचे दोन केले. तुझं वजन वाढलं होतं त्या रविवारीही, ते मी मास्तरांना सांगितलं नाही. तू मरता मरता वाचलीस ती माझ्या हातून."

धाकटीनं बोटावरची पट्टी सरळ केली. कॉरिडॉरमधून चाकांची गाडी खडखडत गेली. थोरलीला वाटत होतं, ही आता रडेल, किंवा ओरडेल, किंवा आपल्या जुन्या सवयीनं काहीतरी बोलून हसेल आणि सगळं हलकं करेल. यातलं काहीच झालं नाही.

"मी तुमचं ऐकते," धाकटी सावकाश म्हणाली, एकेक शब्द उचलून ठेवावा तशी. "लग्न होऊन आले तेव्हापासून. तुम्ही एकदा माझं ऐकायचं होतंत."

"हो."

"मला आता राग येतोय. किती येणार आहे ते कळत नाही अजून."

"येऊ दे."

"घरी आल्यावर माझा चहा वेगळा करीन म्हणते. वरच. एक छोटी शेगडी आणायला सांगितली आहे यांना."

थोरलीनं मान हलवली. एकोणीस वर्षांचं एक स्वयंपाकघर. तिनं उठायला खुर्चीच्या दांड्यावर हात टेकला.

"जाऊ नका लगेच," धाकटी म्हणाली. तिनं डोळे मिटले होते. "डोकं दुखतंय. हे येईपर्यंत बसा. पण बोलू नका माझ्याशी."

थोरली परत बसली. सवयीनं तिचा हात धाकटीच्या खांद्याकडे गेला, आणि मध्येच थांबला. तिनं तो आपल्या मांडीवर ठेवला आणि जिन्यावर दिराची पावलं वाजेपर्यंत तशीच बसून राहिली.